शेवटच्या ओळीपासून

माझा नातू नील चौदा वर्षांचा आहे, नात इरा दहा वर्षांची. दोघं टोरांटोत वाढताहेत. मराठी बोललेलं त्यांना बऱ्यापैकी कळतं, वाचता मात्र येत नाही. त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी लिहिला असला तरी तो त्यांना त्यांच्या आईनेच वाचून दाखवावा लागेल. मेघना, तुला एवढीच विनंती आहे की वरून खालपर्यंत सलग वाच. मधलं काही गाळू नकोस. हे मुद्दाम का सांगते आहे ते पुढे येईलच.

मी अकोल्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीला येऊन राहिले, तिथेही लोक कागद घेऊन येतच राहिले. 'शिकवलं' म्हणते खरी, पण कविता, धडे, नाटक हे सगळं वर्षाच्या एखाद्या कोपऱ्यात उरकायचं. बाकी वेळ एकच काम: इतरांनी लिहिलेल्या इंग्रजी वाक्यांतल्या चुका काढणं. किती वाक्यं हाताखालून गेली असतील याचा हिशेब नाही. लाल शाईची बाटली मात्र दर दोन महिन्यांनी आणावी लागे.

आमच्या वऱ्हाडातल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असत आणि त्या कुठून येतात तेही मला ठाऊक होतं. घरी 'मले समजून राहिलं' म्हणणारा मुलगा इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' असंच लिहिणार. 'त्यानं मले सांगतलं' मधला 'ले' त्याला सोडवत नाही, म्हणून तो 'ही टोल्ड टू मी' लिहितो. तो आपल्या आईच्या बोलण्याला धरून असतो, इतकंच. मी हे वर्गात समजावून सांगत असे आणि मुलं हसत. मग त्याच वाक्यावर मी लाल रेघ मारत असे. समजणं वेगळं आणि रेघ वेगळी, असं तेव्हा वाटायचं.

विचित्र गिऱ्हाइकंही पुष्कळ आली. अंजनगाव सुर्जीचे एक पानांचे व्यापारी दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी तपासून घ्यायला आले. पाच ओळींचा मजकूर होता. त्यातला निम्मा चुकीचा आणि उरलेला दोनदा लिहिलेला. मी नीट करून त्याच्या दोन सुटसुटीत ओळी केल्या. आठ दिवसांनी ते पुन्हा दारात.

"मॅडम, इंग्रजी तुमी बरोबर केली, त्याच्यात वाद नाही. पण पाटी भरल्यासारकी दिसून नाही राहिली."

"दोन ओळींत सगळं आलं आहे की."

"आलं ना. पण पाटी येवढी मोठी, अन् अर्धी रिकामी. लोकाईले वाटंन, माल संपला."

शेवटी त्यांनी जुनाच मजकूर रंगवला. मी एकदा एसटीतून जाताना पाहिला. पाटी भरलेली दिसत होती हे मान्य करायला हवं.

बडनेऱ्याचे एक रेल्वे कर्मचारी रजेचा अर्ज घेऊन येत. 'आय मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग' अशी सुरुवात. मी ती काढून टाकली. स्वाभिमानी माणसाने रजा मागावी, भीक मागू नये, असं त्यांना सांगितलंही. चार दिवसांनी अर्ज परत.

"साहेबानं घेतलाच नाही, मॅडम. म्हणे, याच्यात बेग कुठी आहे? बेग नसंन तर हा अर्ज कसा?"

मी 'बेग' पुन्हा लिहून दिलं. त्यांना रजा मिळाली.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, आणि मलाही आजवर याच गोष्टी सांगायला आवडायचं. पण हा लेख त्या गोष्टींसाठी नाही.

माझ्या कामाचं एक हत्यार होतं. ते मी स्वतः बनवलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक पट्टी, वहीच्या पानाएवढी रुंद. तिच्यात मधोमध ब्लेडने एक लांबट फट कापलेली, बरोबर एक ओळ दिसेल एवढी. वही तपासताना ती पट्टी पानावर ठेवायची आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात करायची. शेवटचं वाक्य तपासायचं, पट्टी वर सरकवायची, त्याच्या आधीचं वाक्य तपासायचं, असं करत वर पोचायचं.

उलटं कशासाठी? सरळ वाचलं की माणूस मजकुरात गुंततो. पुढे काय झालं हे कळायची ओढ लागते आणि डोळा चुकांवरून घसरत जातो. नसलेलं अक्षर आपणच मनाने भरतो. उलटं आणि एकेक ओळ वाचली की गोष्ट तयारच होत नाही. उरतात सुटी वाक्यं, तांदूळ निवडताना खडे दिसावेत तशा चुका दिसू लागतात. अर्थ हा तपासणाऱ्याचा शत्रू असतो, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. दोघातिघांनी माझ्याकडून पट्टी मागून नेली होती.

दोन तुकड्या होत्या आणि रोज पाच वाक्यांचा नियम होता. प्रत्येक मुलाने घरच्या, गावच्या, दिवसभरातल्या कशाहीबद्दल पाच साधी वाक्यं रोज लिहायची. शनिवारी वह्या गोळा व्हायच्या, सोमवारी तपासून परत जायच्या. सोमवार मी एकदाही चुकवला नाही.

सुजाता अकरावीला आली ती हिवरखेडहून. तिचे वडील गावातल्या शाळेत शिपाई होते. कुटुंब बौद्ध, आणि त्यांच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. अकोल्यात ती मुलींच्या एका वसतिगृहात राहायची. इंग्रजी तिला फार आवडायचं. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "मॅडम, इंग्रजीची मॅडम व्हाले किती वर्सं लागतात?" मी म्हटलं, "आधी हा प्रश्न इंग्रजीत विचार." तिने दोन दिवस घेतले आणि विचारला. तेव्हापासून माझं तिच्याकडे लक्ष होतं. म्हणजे तिच्या वाक्यांकडे होतं.

आणखी सहा महिन्यांत ती वर्गात पहिली आली असती. तिच्या चुका दर आठवड्याला कमी होत होत्या, तसा आलेखच मी वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवला होता. मला तिच्यात पुढची शिक्षिका दिसत होती आणि मी ते स्टाफरूममध्ये बोलून दाखवत असे.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार होता. वह्या जमा झाल्या होत्या. स्टाफरूमच्या दाराशी सुजाता उभी राहिली. ती आत येत नसे, दाराशीच थांबायची. मुलगी शिस्तीची आहे असं मला वाटायचं.

"मॅडम, यू रीड माय नोटबुक?"

मी मान वर केली. "नीट विचार, सुजाता."

ती थांबली. ओठांत काहीतरी जुळवलं, आणि म्हणाली, "डिड यू रीड माय नोटबुक, मॅडम?"

"येस," मी म्हटलं. "व्हेरी गुड."

ती जरा वेळ तशीच उभी होती. मला वाटलं, शाबासकीने बावरली. मग गेली.

सुट्टीनंतर ती आली नाही. हजेरी घेताना तिच्या नावापुढे पंधरा दिवस गैरहजर लिहिलं. वसतिगृहाच्या रेक्टरबाई माझ्या चांगल्या ओळखीच्या होत्या. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा मी स्नेहभोजनाला जात असे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "गेली गावाले. नाही जमलं तिले." मी म्हटलं, "हुशार होती हो." त्या म्हणाल्या, "असतात हुशार." मग आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

तिची शेवटची वही माझ्याकडेच राहिली. मी ती तपासून ठेवली, न जाणो परत आली तर. नंतर ती एका पेटीत गेली आणि पेटी माझ्याबरोबर अमरावतीला आली.

गेल्या वर्षी एका रविवारी इराचा व्हिडिओ कॉल होता. त्यांच्या शाळेत आजीआजोबांच्या कामाबद्दल काहीतरी लिहायचं होतं. "आजी, तुझं काम दाखव ना," ती म्हणाली. काम कसं दाखवणार? मग मला पेटी आठवली. चांगली, नेटकी, लाल शाईची वही हवी म्हणून मी सुजाताचीच काढली. चुका कमी कमी होत गेलेली वही नातीला दाखवायला छान. मी पान उघडून फोनसमोर धरलं. पट्टी हाताशी नव्हती.

इराला इंग्रजी वाचायला येतं म्हणून ती मोठ्याने वाचू लागली. मुलं वाचतात तसं, वरच्या ओळीपासून. माझं लक्ष आधी तिच्या उच्चारांकडे होतं.

ती वाक्यं मी इथे मराठीत देते. त्यांतल्या चुका देत नाही.

'आमच्या खोलीत सहा खाटा आहेत. माझी खाट मधे होती. आता ती दाराशी आहे. मैत्रिणींनी ती हलवली. दाराशी वारा चांगला येतो.'

दुसऱ्या दिवशीचं पान: 'आमच्याकडे दोन माठ आहेत. मोठा माठ सगळ्यांचा आहे. लहान माठ नवा आहे. लहान माठातलं पाणी संपत नाही. ते मी एकटी पिते.'

तिसऱ्या दिवशीचं: 'जेवणाची घंटा सात वाजता होते. मला आठ वाजता बोलावतात. मावशी ताट सरकवतात. मी माझं ताट स्वतः घासते आणि वेगळ्या फळीवर ठेवते. मी शेवटी जेवते.'

आणि शनिवारच्या पानाच्या तळाशी, प्रत्येक आठवड्यात, एकच वाक्य: 'माझ्या मॅडम माझी वही वाचतात.' मी खालून वर जाणारी, तेव्हा दर आठवड्याला माझ्या पट्टीच्या फटीत सर्वांत आधी आलेलं वाक्य तेच होतं. दर वेळी त्याच्यापुढे माझी लाल खूण होती, बरोबरची. माठाच्या पानावर मी शेराही लिहिला होता: वर्णन चांगलं, क्रियापदं सांभाळ.

इरा थांबली. "आजी, हिच्याबरोबर कोणी का नाही जेवत?"

दहा वर्षांची मुलगी, वऱ्हाड न पाहिलेली, तिला तीन पानांत दिसलं. मला चार महिन्यांत दिसलं नव्हतं. मी म्हटलं, फोनची बॅटरी संपतेय. संपत नव्हती.

त्यानंतर मी ती वही वरून खाली किती वेळा वाचली ते सांगत नाही. सुरुवातीला सगळा दोष पट्टीवर टाकून पाहिला. पण एवढं सोपं ते नाही, आणि नील, इरा, तुम्हाला खोटं सांगायचं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कपबश्या कपाटात असत आणि एक कप खिडकीतल्या खिळ्याला टांगलेला असे. एक शिक्षक तोच कप घ्यायचे, तोच धुऊन परत टांगायचे. मी त्या खोलीत रोज दोनदा चहा प्यायले. व्यवस्थित बाई म्हणून माझी ख्याती होती, कपाटातली एक बशी इकडची तिकडे झाली तर मी विचारायची. तो कप वेगळा का टांगलाय हे मी कधी विचारलं नाही. तिथे कुठली पट्टी नव्हती. आणि सुजाता स्टाफरूमच्या दाराशी का थांबायची, हेही मी शिस्तीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

सुजाताला शोधायला वेळ लागला नाही. त्या वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातल्या एकाने नंबर दिला. ती नर्स आहे, अंजनगावच्या बाजूला एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात. मी फोन केला, नाव सांगितलं. मग, "या ना मॅडम. रविवारी या." एवढंच.

मी तिला पत्र लिहिलं, इंग्रजीत. अवघड बोलायचं असलं की मी इंग्रजीत शिरते, ती माझी जुनी सोय आहे. चार वेळा लिहिलं. मी काय केलं आणि काय केलं नाही, सगळं स्पष्ट लिहून शेवटी माफी मागितली. नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून तपासलंही. मग पत्र आणि वही पिशवीत घालून दर्यापूरमार्गे एसटीने गेले.

सुजाता स्टँडवर आली होती. केस पिकलेले, चष्मा, चालणं झपझप. माझ्या पाया पडायला वाकली, मी अडवलं. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. नवरा शेतावर गेला होता, मुलगी पुण्यात शिकत होती. मी वही काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने पहिलं पान उघडलं. "तुमी जपून ठेवली."

"जपून ठेवली. वाचली मात्र नव्हती, सुजाता."

"बरोबरच्या टिका आहेत ना सगळीकडे."

"वाक्यं तपासली होती. वाचली नव्हती."

तिला याचा अर्थ लागेना. मी पट्टीबद्दल सांगितलं. कशी कापायची, कशी वर सरकवायची. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ते अजूनही थोड्या अभिमानाने सांगते आहे, आणि मी थांबले.

ती बराच वेळ वहीची पानं उलटत होती. मग म्हणाली, "मराठीत लिवता येत नव्हतं, मॅडम. होस्टेलातल्या पोरी वह्या उघडून पाहात. इंग्रजी दिसली की ठेवून देत, त्याईले वाटे अभ्यास आहे. म्हून मी एकेक वाक्य सोपं लिवलं. मले वाटलं, मॅडमले बरोबर समजंन."

"मला विचारायला आली होतीस तू. दाराशी."

"हो. तुमी म्हटलं, येस, व्हेरी गुड." ती हे अगदी सहज म्हणाली. पेशंटला रिपोर्ट वाचून दाखवतात तशी. "मी दिवाळीले घरी गेली, बाबाले सगळं सांगतलं. बाबा म्हणे, कॉलेजात कोनाले माहीत आहे काय? मी म्हटलं, मॅडमले माहीत आहे, त्या दर आठवड्याले वाचतात. बाबा म्हणे, मंग काय म्हणतात मॅडम? मी म्हटलं, व्हेरी गुड म्हणतात."

बाहेर कुणीतरी बैलाला हाकत गेलं. ती थांबली नाही.

"बाबा म्हणे, त्याईले माहीत असून चालून राहिलं, तर मंग तिथं आपलं कोन आहे? राहू दे पोरी. नको जाऊ."

"मग?"

"मंग काय. दोन वर्सं घरीच. मंग नर्सिंगचा फॉर्म निंघाला, तो भरला. बरं झालं म्हणा, नोकरी लागली." ती हसली. "इंग्रजी सुटली तेवढी. औषधाच्या डब्यावरचं वाचतो तेवढीच आता."

मी पत्र दिलं. बोलता आलं असतं, पण मी पत्र दिलं. तिने ते दोन्ही हातांत धरून वाचलं. वरच्या ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द, खालपर्यंत. दोन ठिकाणी अडली, पुन्हा मागे जाऊन वाचली. वर्गात वाचायची तशीच. माझी नजर तिच्या बोटाबरोबर चालली होती. एवढ्या सावकाश माझं काहीही कधी कुणी वाचलं नव्हतं.

सही पाहून झाल्यावर तिने कागद जुन्याच घडीवर मिटला आणि मला परत दिला.

"एकबी चूक नाही, मॅडम."

मी तो कागद घेतला. काय करायचं ते कळेना म्हणून पिशवीत ठेवला. ठेव तुझ्याकडे, असं म्हणायला हवं होतं. पण वाचून झालेला कागद ज्याचा त्याला परत करायचा हे मीच तर शिकवलं होतं. वही मात्र तिने ठेवून घेतली. "पोरीले दाखवीन," म्हणाली. "तिले खरं नाही वाटत, मी कधी येवढं इंग्रजी लिवत होती."

मी उठायला लागले. ती म्हणाली, "असं कसं. जेवून जा. मॅडम पहिल्यांदा घरी आल्या."

तिने ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा, वर दह्याची वाटी. एकच ताट. मी म्हटलं, "तुझंही घे. दोघी बसू."

"तुमी जेवा, मॅडम. मी जेवतो मागून."

"नाही सुजाता, आज बरोबर बसू. माझ्यासाठी."

"पाहुण्यासंग बसलं की वाढनं होत नाही नीट." मग भाकरी मोडून माझ्या ताटात घालता घालता, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "अन् मले सवय आहे."

आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात, घरची बाई मागून जेवते. ही रीतच आहे. तसं मी स्वतःला तेव्हा सांगितलं, परतीच्या एसटीत सांगितलं, अजूनही सांगते. ती उभी राहून वाढत होती, मी पाटावर बसून एकटी जेवत होते. ताटात टाकणं बरं दिसलं नसतं म्हणून सगळं संपवलं. तिने ताट उचललं, मी पुढे झाले, पण तिने मला हात लावू दिला नाही.

अमरावतीला पोचल्यावर मी ती पट्टी शोधली. शब्दकोशात होती, खूण म्हणून. कडा मऊ पडल्या आहेत आणि फटीभोवती लाल शाईचे डाग आहेत. फाडायला घेतली आणि फाडली नाही. ती फाडली की आपण काहीतरी केलं असं वाटेल, म्हणून नाही फाडली. ती आता टेबलावर समोर असते. शेजारची मुलं अजून अर्ज आणतात, बायोडाटा आणतात. मी आता आधी सगळं वरून वाचते. फार उशीर होतो आणि चुका सुटतात. परवा एका मुलाच्या अर्जात माझ्याकडून तीन चुका राहिल्या, त्याने घरी जाऊन अर्ज मोबाईलवरच्या चुका काढणाऱ्या यंत्रात घातला आणि त्या चुका मला येऊन दाखवल्या. तो नम्रपणेच बोलला. आता त्या यंत्राला सगळ्या चुका दिसतात. ते मजकूर वाचतं की नाही ते मला माहीत नाही. माझंही कुणाला माहीत नव्हतं.

भेटीनंतरच्या रविवारी इराचा फोन आला होता. मी सुजाताकडे जाणार हे तिला आधी सांगितलं होतं, त्याची तिला आठवण होती. मुलं आपण विसरावं असं जे असतं तेच लक्षात ठेवतात.

"आजी, त्या वहीवाल्या मुलीला भेटलीस?"

"भेटले."

"तिने काय केलं?"

"जेवायला घातलं."

इराचा चेहरा एकदम उजळला. वहीची ती पानं वाचल्यापासून ती या गोष्टीच्या शेवटाची वाट पाहत असावी. "मग तुम्ही दोघी बरोबर जेवलात?"

माझ्यापाशी बरीच उत्तरं होती. आपल्याकडे रीत असते, पाहुण्याचा मान असतो, तिने प्रेमाने वाढलं. सगळी वाक्यं बरोबर होती. एकातही चूक नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"मग ती कधी जेवली?"

"शेवटी," मी म्हटलं.